रूमपार्टनरची गोळी

आपल्या हॉस्टेलमध्ये मालकाला न विचारता वापरता येणाऱ्या वस्तूंची यादी बरीच मोठी आहे. बादली, इस्त्री, ड्राफ्टर, सीनियरची जर्नल्स, घरून आलेला चिवडा. याच यादीत अँटिबायोटिकच्या गोळ्याही जाऊन बसल्या आहेत, आणि माझा आक्षेप फक्त या शेवटच्या नावाला आहे. (चिवड्याबद्दल पुन्हा कधीतरी!)

खोटं वाटत असेल तर एक प्रयोग करून पाहा. कुठल्याही मजल्यावर कॉरिडॉरमध्ये उभं राहून नुसतं म्हणा, "यार, कणकण वाटतेय." पाच मिनिटांत तीन स्ट्रिप्स हजर होतात. एकीत कोणाच्या तरी दाढदुखीतून उरलेल्या चार गोळ्या, दुसरीत लूज मोशनच्या वेळच्या दोन, तिसरीवरचं नाव कात्रीने कापलं गेलेलं. देणारा अगदी मनापासून देतो. मैत्रीच ती! आणि घेणारा रात्री दोनला सबमिशन संपवून, जी हाताला लागेल ती गिळून झोपतो.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. या गोळ्या उरल्या कशा? डॉक्टरांनी मोजून दिल्या होत्या, मग शिल्लक कुठून आली? आमच्या विंगमध्ये मी सहज विचारत फिरलो. "बरं वाटलं, सोडून दिल्या" असं म्हणणारे काही निघाले. पण बाकीच्यांचं कारण दुसरंच होतं. कोणाला दुसऱ्या दिवसापासून जुलाब लागले, कोणाच्या तोंडाला सारखी धातूसारखी चव यायची, कोणाला मेसचा वास घेतला तरी मळमळायचं. गोळीनेच त्रास होतोय म्हणून गोळी बंद! आणि डॉक्टरांना फोन? एकानेही केला नव्हता.

मुलं बेफिकीर आहेत, असं म्हणून स्टाफने हात झटकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जो मुलगा लॅबमध्ये साधा आयसी लावण्याआधी डेटाशीट उघडून कमाल व्होल्टेज बघतो, तोच मुलगा पोटात जाणाऱ्या वस्तूबद्दल काहीच विचारत नाही, कारण विचारायचं असतं हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. डिस्पेन्सरीत रांग असते, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, त्यावर १-०-१ लिहिलेलं असतं, की आपण बाहेर. काय खाऊन घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, काय झालं तर घाबरायचं नाही आणि काय झालं तर धावत यायचं, हे चारही प्रश्न तिथेच राहून जातात.

आता या १-०-१ कडेच बघा. आपल्या मंडळींच्या लेखी त्याचा अर्थ 'उठल्यावर एक आणि झोपताना एक'. हॉस्टेलमध्ये उठणं आणि झोपणं या दोन्ही घटनांना काळाचं बंधन नसल्यामुळे पुढचा घोटाळा ठरलेला. खरं तर हे वेळापत्रक औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं त्यावर बेतलेलं असतं. आर-सी सर्किटमधला कपॅसिटर कसा डिस्चार्ज होतो, तसंच काहीसं. ॲमॉक्सिसिलिन हे नेहमीचं औषध घ्या. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण एका तासात निम्मं होतं. पुढच्या तासाला त्याच्या निम्मं. आठ तासांनी उरतो जेमतेम २५६ वा हिस्सा! म्हणून ते दिवसातून तीनदा लिहिलं असेल तर आठ-आठ तासांच्या हिशेबाने घ्यायचं असतं. आमच्याकडे तीनदा म्हणजे सकाळी अकराला जाग आल्यावर, दोनला जेवताना आणि रात्री एकला. पहिल्या दोन गोळ्यांत तीन तास, नंतर अकरा तास दुष्काळ. उलट अझिथ्रोमायसिन शरीरात निम्मं व्हायला जवळजवळ तीन दिवस घेतं, म्हणून त्याची दिवसाला एकच गोळी आणि कोर्सही तीन-पाच दिवसांत संपतो. गोळ्या संपल्या तरी आत काम चालूच असतं. तेव्हा 'त्याला तीनच दिवस दिलं, मला सात दिवस का?' अशी तुलना करण्यात अर्थ नाही. प्रत्येक औषधाचा टाइम कॉन्स्टंट वेगळा.

एखादी गोळी घ्यायची राहिली तर काय? आठवल्यावर घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी आणि पुढची वेळेवर घ्यावी. दोन एकदम नकोत. केटी एकदम दोन सेमिस्टरच्या देता येतात, डोस नाही.

हे सगळं मी लिहायला बसलो त्याला कारण माझा एक मित्र आहे. नाव लिहीत नाही, विंगमधल्यांना माहीत आहेच. पावसाळ्यात ताप आल्यावर त्याला डॉक्सिसायक्लिन या औषधाच्या कॅप्सूल मिळाल्या होत्या. औषध अगदी बरोबर होतं. हे औषध पावसाळ्यात आपल्या भागाच्या चांगल्याच ओळखीचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा हा रोग, आणि डॉक्सिसायक्लिन त्यावर चालतं. आजही पाणी तुंबलं की मुंबई महापालिका सांगते, अशा पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्या. आमचा मित्र ग्राउंडवरच्या चिखलात फुटबॉल खेळलेला, तेव्हा डॉक्टरांनी तसा विचार केला असावा.

रात्रीची कॅप्सूल तो कशी घ्यायचा? कॉटवर पडल्या पडल्या, बाटलीतल्या घोटभर पाण्याबरोबर. उठून कूलरपर्यंत कोण जाणार! तिसऱ्या रात्री त्याच्या छातीत मधोमध आग पडली. थुंकी गिळतानाही तो कळवळायचा. आम्हाला वाटलं हार्ट अटॅकच. एकविसाव्या वर्षी! रात्री तीन वाजता रेक्टर सरांना उठवलं, रिक्षा शोधली. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळत होती आणि तिने आतून भाजून काढलं होतं. डॉक्सिसायक्लिनचा हा गुण डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. पुढचा आठवडाभर तो गार दूध आणि पातळ भातावर होता, आणि एक इंटर्नल बुडाली ती वेगळीच.

हे टाळायला काय लागलं असतं? पेलाभर पाणी, आणि गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं न होणं. बस्स. एवढं एक वाक्य त्याला कोणी सांगितलं असतं तर! याच औषधाने ऊनही बाधतं. थोडा वेळ उन्हात राहिलं तरी कातडी भाजल्यासारखी लाल होते, म्हणजे त्या दिवसांत भर दुपारची क्रिकेट मॅच बंद आणि सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

आता दूध-दह्याचं प्रकरण. घरी फोन केला की आई म्हणणारच, "गोळ्या गरम पडतात रे, ताक पी." ॲमॉक्सिसिलिन चालू असेल तर आईचं जरूर ऐका. दहीभात पोटाला बरा, औषधाला त्याचा काही त्रास नाही. पण सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर ती गोळी घेऊ नये. त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि बरंचसं औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. पित्ताच्या पांढऱ्या पातळ औषधाने, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी तर जास्तच. सिप्रो ही असं काही घेण्याच्या दोन तास आधी घ्यावी, नाहीतर मध्ये चांगले सहा तास जाऊ द्यावेत. डॉक्सिसायक्लिनलाही लोहाचं आणि पित्ताच्या औषधाचं हेच वावडं. आपल्याकडे काय होतं, गोळीने जळजळ झाली की लगेच वर पित्ताचं औषध! म्हणजे एका हाताने घेतलं ते दुसऱ्या हाताने घालवलं. मुलींच्या हॉस्टेलमध्ये रक्त वाढवायला लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणी असतात, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

सिप्रोचा आणखी एक प्रताप परीक्षेच्या दिवसांत कामाचा आहे. ती घेत असताना चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरातून नेहमीपेक्षा हळू बाहेर पडतं. नाइट मारायला चार कॉफ्या पिणाऱ्याला मग आठ प्यायल्यासारखी धडधड होते, हात थरथरतात आणि तो म्हणतो पेपरचं टेन्शन! जिमवाल्यांसाठीही एक सूचना. या जातीच्या औषधांनी क्वचित स्नायूबंध दुखावतात, टाचेच्या वरचा विशेष. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये यासाठी पाकिटावर चौकटीतला इशारा सक्तीचा केला. टाच दुखायला लागली तर 'काल स्क्वॉट्स जास्त झाले' म्हणून पुन्हा वजन उचलू नका. व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

मग त्रास झाला तर सोसायचा किती? इथे मला दोन्ही टोकं चुकीची वाटतात. एक पंथ म्हणतो, पोट जरा ढवळलं की गोळी बंद. दुसरा पंथ मर्दानगीचा, कितीही झालं तरी दात-ओठ खाऊन कोर्स पुरा करायचा. थोडी मळमळ, दिवसातून दोन-तीनदा पातळ शौच, तोंडाची चव जाणं, हे बऱ्याच अँटिबायोटिक्समध्ये होतं, कारण ती आतड्यातल्या आपल्या कामाच्या जंतूंनाही झोडपतात. ॲमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेली जी गोळी सर्रास मिळते, ती पोट बिघडवण्यात नावाजलेली आहे. ती जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या घासांबरोबर घेतली तर त्रास बराच कमी होतो. मेट्रोनिडाझोलने तोंडात धातूची चव येते, लघवीचा रंगही गडद होऊ शकतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, औषध संपलं की जातं. (त्या दिवसांत आणि नंतरचे दोन-तीन दिवस दारू नको, हे पाकिटावरच लिहिलेलं असतं. फायनल इयरच्या मंडळींसाठी ही माहिती!) अशा त्रासात पाणी, मीठ-साखरेचं पाणी, मऊ भात, आणि तरीही जमेना तर डॉक्टरांना फोन. ते वेळ बदलतात, कधी औषधच बदलून देतात. आपण त्यांना सांगायचंच नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार?

पण काही गोष्टींत 'उद्या बघू' चालत नाही. गोळी घेतल्यावर ओठ, चेहरा, जीभ सुजली, श्वास घेताना घरघर व्हायला लागली, अंगभर गांधी उठून चक्कर आली, तर ती ॲलर्जी आहे आणि वेळ मिनिटांत मोजायची आहे. पुढची गोळी नाही, १०८ ला फोन करायचा, मुलाला एकटं सोडायचं नाही. अंगावर फोड येणं, कातडी सुटणं, तापासोबत तोंडात किंवा डोळ्यांत जखमा होणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही झालं तर औषध थांबवून त्याच दिवशी दवाखाना. आणि जुलाब पाण्यासारखे वारंवार होत असतील, रक्त पडत असेल, पोटात पिळवटून कळा येत असतील, तर जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. अँटिबायोटिकमुळे आतड्यात एक वेगळाच जंतू माजतो, त्याचं ते लक्षण असू शकतं. औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही हे होतं, म्हणून डॉक्टरांना मागच्या महिन्यातल्या गोळ्यांबद्दलही सांगायचं.

याच्या उलट, एकदा ओकारी झाली म्हणून 'मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' असं जन्मभर सांगत फिरणंही बरं नव्हे. अशी ॲलर्जी सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली तर बहुतेकांना ती नसतेच. पण एकदा कागदावर शिक्का बसला की पुढे दर आजारात स्वस्त आणि चांगलं औषध टळतं. नेमकं काय झालं होतं, गोळीनंतर किती वेळाने, हे आठवून डॉक्टरांना सांगावं. ॲलर्जी की नुसता त्रास, ते त्यांना ठरवू द्यावं.

आता 'कोर्स पुरा करा' या वाक्याबद्दल. आपण ते शाळेपासून ऐकतो, पण आता डॉक्टरांमध्येच त्यावर वाद आहे. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की लांबलचक कोर्सने प्रतिरोध टळतो याला भक्कम पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतलं तर तो वाढतो. बऱ्याच आजारांत लहान कोर्स पुरतो, हेही दिसून आलं आहे. हे वाचून आमच्या एका हुशार मित्राने लगेच निष्कर्ष काढला, "बघ, मी म्हणत होतो, दोन दिवस बास!" नाही रे बाबा. कोर्स लहान असावा की मोठा हे आजार बघून ठरतं. क्षयरोगात साध्या प्रकारालाही सहसा सहा महिने लागतात, आणि तिथे मध्येच सोडलं तर प्रकरण फार महागात पडतं. टायफॉइडमध्ये अचूक औषध चालू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. आपली मुलं तिसऱ्या दिवशीच 'याचा गुण येत नाही' म्हणून डॉक्टर बदलतात. बरं वाटतंय, थांबवू का, हा प्रश्न चांगलाच आहे. तो फक्त ज्याने चिठ्ठी लिहिली त्याला विचारायचा, पार्टनरला नाही.

आणि म्हणूनच उधारीच्या गोळीला माझा विरोध. बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंचा असतो, डेंग्यूही विषाणूचाच, तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. त्रास मात्र सगळे होतात, वर प्रतिरोधी जंतू पोसले जातात. आणि ताप खरोखर टायफॉइडचा असला, तर आधी घेतलेल्या दोन उपऱ्या गोळ्यांमुळे रक्ताच्या कल्चरमध्ये जंतूच सापडत नाही आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात. स्ट्रिपवर डाव्या बाजूला जी उभी लाल रेघ असते, तिचा अर्थच मुळी 'चिठ्ठीशिवाय नाही' असा आहे. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्सच्या विक्रीची नोंद औषध दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये तीन वर्षं जपून ठेवावी लागते. दुकानदाराला एवढे नियम, आणि आमच्या कॉटखालच्या मेडिकलला काहीच नाही!

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच बजावलं होतं की कमी मात्रेत औषध घेतलं तर जंतू त्याला सरावतील. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन देशातच बनवायला. आजोबांच्या पिढीला या औषधाचं केवढं अप्रूप! आणि आमच्याकडे ते पेनस्टँडमध्ये, रिफिल आणि सेफ्टी पिनांबरोबर.

आता थोडं रेक्टर सर आणि मेस कमिटीसाठी, कारण सगळं पोरांच्या गळ्यात मारणं मला मान्य नाही. सकाळची गोळी जेवणाबरोबर लिहिलेली असते आणि मेसचा नाश्ता सुरू होतो साडेआठला. आठच्या लेक्चरला जाणारा आजारी मुलगा मग एक तर रिकाम्या पोटी गोळी घेतो, नाहीतर घेतच नाही. डिस्पेन्सरीची चिठ्ठी दाखवणाऱ्याला साडेसातला दोन पोळ्या किंवा वाटीभर मऊ भात मिळायला काय हरकत आहे? दुसरं, ॲडमिशनच्या फॉर्मवर रक्तगट विचारतात, औषधाची ॲलर्जी विचारत नाहीत. एक ओळ वाढवावी आणि ती माहिती रेक्टर ऑफिसच्या रजिस्टरला लावावी, म्हणजे रात्री तीनला रिक्षात बसताना कोणाच्या तरी आईला फोन करून विचारायची वेळ येणार नाही. तिसरं, डिस्पेन्सरीच्या दारावर डॉक्टरांना फोन करायची वेळ आणि नंबर मोठ्या अक्षरांत लावावा. आणि तिथेच एक डबा ठेवावा. उरलेल्या गोळ्या त्यात टाकायच्या, कंपाउंडर काका त्यांची नीट विल्हेवाट लावतील असं त्यांनी स्वतः मला सांगितलं आहे.

हे चारही मुद्दे मी मेस सेक्रेटरीकडे लेखी दिले आहेत. साडेसातच्या भातावर त्याचं म्हणणं असं की आचाऱ्याला लवकर यायला सांगावं लागेल आणि त्याचे पैसे कोण देणार ते आधी ठरवा. पुढच्या मीटिंगला तो विषय आहे.